बांगडीखालचं दुखणं

आमच्या दिपमालाचा उजवा हात मनगटापाशी दुखतो, हे पहूरमधल्या अर्ध्याअधिक बायकांना माहीत होतं आणि त्यातल्या एकीचाही त्यावर विश्वास नव्हता. कसा असणार? त्याच हाताने ती मांडे करायची.

मांडे करणं म्हणजे चपात्या लाटणं नव्हे, बरं का. कणीक पाण्याचा हात लावून इतकी तिंबायची की उचलली तर लोंबत खाली आली पाहिजे. तिच्यात पुरणाचा गोळा भरायचा, मग पोळपाट नाही, लाटणं नाही, दोन्ही हातांच्या पाठीवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायची. कोपरापर्यंत पसरली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. एक सुरकुती पडली तर मांडा गेला. मी मंजुळा, तिची थोरली जाऊ. आमच्या घरात कणीक आणि पुरण माझं, हात आणि खापर दिपमालाचं. लग्नकार्य असो, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया असो, जामनेरपासून जळगावपर्यंत लोक आमचे मांडे नेतात. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून इतका पातळ मांडा कधी झाला नाही.

पोरगी फैजपूरची. लग्न होऊन आली तेव्हा अंगाने काडी आणि तोंडात सदा काहीतरी गुणगुणणं. खापरावर पाण्याचे थेंब शिंपडून ती तापलंय की नाही ते आवाजावरून सांगायची आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची. मला जाऊ मिळाली म्हणून आनंद झाला, असं सगळ्या जावा म्हणतात. मला खरंच झाला. तिचा एकच दोष, मूग गिळून गप्प बसायची. कोणी काही बोललं की "जाऊ द्या ना, ताई." अगं काय जाऊ द्या? त्या "जाऊ द्या"पायी तुझी तीन वर्षं गेली ना!

दुखणं सुरू झालं तेव्हा मीही म्हटलं, कामाने दुखत असेल. मनगटावर एवढा ताण पडतो, दुखणारच. गावातल्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. क्रेप बँडेज गुंडाळलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या, म्हणाले आराम करा. तिने आराम केला. आणि इथेच पहिली भानगड झाली. आराम केला की दुखणं वाढायचं! मांडे करताना हसत असायची, आणि कामं आटोपून, भांडी घासून आडवी पडली की हात उराशी धरून कुशी बदलत राहायची. सकाळी डोळे सुजलेले. गोळी घेतली की मात्र अर्ध्या तासात शांत.

आता आमच्या सासूबाई. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. पारोळ्याकडच्या, इतकी वर्षं पहूरला राहून बोली सोडली नाही, हेका तर त्याहून सोडला नाही. त्यांनी निकाल देऊन टाकला.

"कामात दुखत नही, निजाले गयी का दुखस. गोळी खादी का पयी जास. हाई कसं दुखनं शे? बठ्ठं नाटक शे."

म्हणजे बघा, काम करताना दुखलं असतं तर कामचुकार म्हणाल्या असत्या. काम करताना दुखत नव्हतं म्हणून नाटकी. बाईने दुखावं तरी कसं, तेवढं एकदा आम्हाला सांगून टाका.

दिपमालाचा नवरा नवल केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. रावेर-फैजपूरकडचा माल भरायचा आणि दिल्ली-हरियाणाकडे जायचं. माणूस चांगला, पण घरी टिकला तर उपयोग. घरी असला की तिचा हात चेपून द्यायचा आणि पुन्हा गाडीवर निघून जायचा. मग मी आणि ती, दोघीच हिंडलो.

आधी एका हाडवैद्याकडे नेलं. तो म्हणाला, शीर चढलीय. ती उतरवायला त्याने हात असा ओढला की पोरीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नंतर आक्कांनी स्वतःच्या हाताने बिब्बा घातला. कातडी भाजली, फोड आला, फोड चिघळला. महिनाभर आम्ही दुखणं सोडून बिब्ब्याच्या जखमेवर मलम लावत बसलो. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

मग जळगाव. हाडांचे डॉक्टर, मोठा दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग. त्यांनी फोटो काढायला सांगितला. आक्का त्या दिवशी आमच्याबरोबर होत्या, ते एक आमचं नशीब. फोटो काढणारा म्हणाला, "बांगड्या काढा." आक्का म्हणाल्या, "निंघनार नहीत." तो म्हणाला, "काकू, काढाव्या लागतील." आक्का म्हणाल्या, "तिना नवरा गाडीवर शे. तुन्हा फोटोसाठे मी सवाष्णना हात उघडा करू का?"

हा आमच्या घरचा कायदा. नवरा रस्त्यावर असेपर्यंत बायकोच्या हातातली बांगडी हलायची नाही. बाकीच्या बायका मांडे करताना सरळ बांगड्या उतरवून ठेवतात, कारण काचेला लागून पोळी फाटते. आमची दिपमाला त्या वर सरकवून, फडक्याच्या चिंधीने घट्ट बांधून काम करायची. त्या फोटोवाल्यापुढेही तिने तेच केलं. बांगड्या चार बोटं वर गेल्या, त्यापुढे जाईनात. बाहेर रांग लागलेली. तो म्हणाला, "चालेल, चालेल." त्या "चालेल"वर अजून माझा दात आहे.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला न धरला, म्हणाले हाड नॉर्मल. अंगठ्याकडच्या शिरेला सूज आहे. सुई मारली, अशी की ती किंचाळली. आठ-पंधरा दिवस काही फरक नाही. मग प्लास्टर, तेही बांगड्या वर सारून. प्लास्टरमध्ये हात हलत नाही, काम नाही, तरी रात्र झाली की दुखणं हजर. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, हात हलतच नाही तर दुखतोय कसा?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर की मी?" घ्या! मी विचारलं काय आणि ऐकलं काय!

दुसऱ्या डॉक्टरांनी बोटांना करंट देऊन शिरा तपासल्या. नॉर्मल. रक्त तपासलं, वाताचं, युरिक अॅसिडचं, टीबीचं. सगळं नॉर्मल. पुन्हा फोटो. ह्या वेळी आक्का नव्हत्या, पण दिपमालाच "नको हो, ते गाडीवर आहेत" म्हणत हात मागे घेऊन उभी राहिली. पुन्हा बांगड्या चार बोटं वर, पुन्हा "चालेल". हेका फक्त सासूचा असतो असं नाही, तो सुनेच्या अंगातही उतरतो.

तिसऱ्याने काय केलं? नवल त्या खेपेला बरोबर होता. त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. नॉर्मल हा शब्द मला तेव्हापासून शिवीसारखा वाटतो. मनगट नॉर्मल, रक्त नॉर्मल, शिरा नॉर्मल, म्हणजे उरलं काय? बाईच वेडी!

आक्कांना आयतंच कोलीत मिळालं. "डाक्टर बी म्हनतस, मनना रोग शे." शेजारपाजारी बातमी गेली. दिपमाला गप्प झाली, गुणगुणणं थांबलं. ती आता आमच्यापासून लपवून दुखण्याच्या गोळ्या खाऊ लागली. मेडिकलवाल्याला तिचा चेहरा पाठ झाला होता, न विचारता पट्टी काढून द्यायचा. उपाशी पोटी खायची, दिवसातून कितीदा खायची, देव जाणे.

ह्या वर्षी, आखाजीला महिनाभर राहिला असेल, कणीक तिंबत असताना मला मोरीतून उलटीचा आवाज आला. जाऊन बघते तर कॉफीच्या गाळासारखं काळं पडलेलं, आणि ती भिंतीला टेकून पांढरी फटक. उचलून जळगावला नेलं. दुर्बीण घातली. गोळ्यांनी पोटात जखमा झाल्या होत्या, रक्त सुटलं होतं. पोटाच्या डॉक्टरांनी बजावलं, "दुखण्याची एकही गोळी यापुढे पोटात गेली तर मी जबाबदार नाही."

झालं! जी एक गोष्ट तिला झोपू देत होती, तीही काढून घेतली.

घरी आल्यावरचे दिवस आठवले तरी माझं डोकं फिरतं. ती ओरडायची नाही. सकाळी उठावं तर ती ओट्यावर बसलेली, हात पाण्याच्या बादलीत. दोन मांडे फाटले, तिसरा फाटला. एका गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं की यंदा आम्ही दुसरीकडे सांगतो. आणि आक्कांनी नवलला फोन लावून माझ्यादेखत सांगितलं, "आखाजीले धाड तिले माहेर, नि तठेच ऱ्हावू दे. हात नही, पोट नही, डोकं नही. कसाले आनानी?"

आखाजीला आमच्या खान्देशात लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आमरस-मांडे खातात, चार दिवसांनी भाऊ किंवा नवरा परत आणून सोडतो. जाणं हा सण असतो, कारण येणं ठरलेलं असतं. दिपमालाने ते ऐकलं. ताटातली भाकरी मोडत बसली फक्त. मी म्हटलं, "अगं, बोल काहीतरी!" तर म्हणते कशी, "ताई, मलाच आता वाटतं की डोक्यातच असेल."

त्या वाक्याने माझं टाळकं सरकलं. लोक खोटं म्हणाले, चालेल. पण जिचा हात तिलाच खोटा वाटायला लागला? मी दुसऱ्या दिवशी तिला एसटीत घातलं आणि धुळ्याला नेलं. धुळं माझं माहेर, भाऊ रुपचंद तिथे असतो. त्यानेच एका दवाखान्याचं नाव सांगितलं होतं. आक्कांना सांगितलं, पोटाचं दाखवायला जातो. सांगितलं ते सांगितलं, सरळ बोटाने तूप कुठे निघतं?

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई काही देवी नव्हत्या, आधीच सांगते. दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं. आत गेलो तर चष्मा कपाळावर, आवाज चढलेला, खुर्चीवर बसायच्या आत प्रश्न सुरू.

"केव्हा दुखतं?"

मी म्हटलं, "काम करताना नाही, पण आमच्याकडे..."

"तुम्हाला नाही विचारलं. तिला विचारलं."

रागच आला मला. तीन वर्षं मी हिंडवतेय आणि मलाच गप्प? पण दिपमाला बोलली. "काम झाल्यावर दुखतं. रात्री जास्त. झोपेतून उठवतं."

"गोळीने थांबतं?"

दिपमालाने मान खाली घातली. आमच्या घरात हा प्रश्न नव्हता, आरोप होता. चोरी कबूल करावी तशी ती म्हणाली, "थांबतं. अर्ध्या तासात. पण खोटं नाही सांगत हो मी, खरंच दुखतं."

"खोटं कोण म्हणालं?" बाईंनी चष्मा खाली घेतला. "गोळीने पटकन थांबतं, हीच तर खूण आहे. हे कोणालाच सांगितलं नाही का?"

सांगितलं नाही? अहो, गावाला दवंडी पिटून सांगितलं होतं! ज्या गोष्टीवरून तिला खोटं पाडलं, तीच खूण निघावी? मला हसावं की रडावं कळेना. तोवर बाईंनी दिपमालाचा हात हातात घेतला होता. नुसत्या एका बोटाने दाबत गेल्या. अंगठ्याची शीर, काही नाही. मनगटाचा सांधा, काही नाही. मग हाडावरून वर, वर, आणि बोट बांगड्यांना जाऊन थांबलं. बांगड्यांच्या फटीतून दाबलं मात्र, दिपमाला खुर्चीवरून उडाली.

बाईंनी आमचे जुने फोटो मागितले. उजेडाला धरले. दोन्ही बराच वेळ पाहिले. मग टेबलावर टाकले.

"हा मनगटाचा फोटो नाही. हा बांगड्यांचा फोटो आहे. बघा, जिथे दुखतंय तिथेच पांढऱ्या रिंगा. कोणी काढला हा? आणि ज्यांनी नॉर्मल लिहिलं त्यांनी पाहिलं काय?"

माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. प्लास्टर, सुई, करंट, बिब्बा, पोटातलं रक्त, आणि ते सगळं दोन "चालेल"पायी! मनात त्या फोटोवाल्याला, त्या साहेबांना, आक्कांना, नवलला, सगळ्यांना एका रांगेत उभं करून मी बोलत होते. तोंडाने फक्त एवढंच म्हटलं, "बाई, आता काढा ना मग नीट."

"बांगड्या काढून या."

आणि दिपमाला उठून उभी राहिली. "नाही."

"काय नाही?"

"ते गाडीवर आहेत. इंदूरच्या पुढे असतील आत्ता. ते घरी आले की काढीन."

बाई म्हणाल्या, "तुमचं तुम्ही ठरवा, बाहेर पेशंट आहेत," आणि घंटी वाजवली.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. आता इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय दिपमालाचं "नाही" तुम्हाला कळणार नाही. माझा नवरा अमृतही ट्रकवरच होता. नऊ वर्षांपूर्वी, माझ्या धाकट्या नणंदेच्या हळदीचे मांडे करताना मी बांगड्या काढून खुंटीला अडकवल्या होत्या. सगळ्याच काढतात, मीही काढल्या. संध्याकाळी फोन आला. एदलाबादकडच्या, म्हणजे मुक्ताईनगरच्या रस्त्यावर गाडी आदळली होती. मी परत बांगड्या घालायच्या आतच त्या घालायचं कारण संपलं. आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. आक्का मला कधी तोंडावर बोलल्या नाहीत. पण दिपमाला लग्न होऊन आली त्याच दिवशी तिला माझ्या रिकाम्या हातांकडे बोट दाखवून सांगितलं, असं होतं मग. मी तिथेच होते, पाण्याची कळशी घेऊन.

आता ह्या पोरीला बांगड्या काढ कोणी सांगायचं? रिकाम्या हाताच्या बाईने? मी नवलला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. रेंजच्या बाहेर. ट्रकवाल्याचा फोन नको तेव्हा लागतो.

"दिपमाला, ऐक. काढ."

"ताई, तुम्ही नका ना सांगू."

"मीच सांगणार. दुसरं कोण आहे इथे? काढ, नाहीतर आखाजीला फैजपूरला जा आणि जन्मभर बादलीत हात घालून बस. तुझ्या नवऱ्याला काही झालं तर दोष माझा. आधीचा एक आहेच माझ्या नावावर, त्यात आणखी एक." बोलता बोलता माझाच आवाज फाटला. "पण मी सांगते तुला, नाही होणार काही. काच आहे ती. काच!"

तिने हात पुढे केला.

काढायच्या कशा? कासारणीने दाबून भरलेल्या, त्यात काम करून हात जाड झालेले. साबण लावला. पाटली निघाली. काचेच्या बांगड्या मात्र अंगठ्याच्या हाडाशी अडल्या. प्लास्टर कापतात त्या खोलीतून मी पक्कड मागून आणली. तिच्या हाताभोवती माझा पदर गुंडाळला आणि एकेक बांगडी पकडीत धरून मोडली. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून घ्यायची. शेजारी बसलेली एक बाई उठून उभी राहिली, म्हणाली, "अरे देवा, चांगल्या सवाष्णीच्या बांगड्या कसल्या फोडता हो?" मी म्हटलं, "तुम्हाला दुखतंय का? नाही ना? मग बसा गुमान." बसली.

नवा फोटो आला. बाईंनी पेनाचं टोक टेकवलं. हाडावर एक जाडसर फुगवटा आणि त्यात काळा ठिपका, मसुरीच्या दाण्याएवढा. खात्रीसाठी सीटी स्कॅन केला, त्यातही तोच. नाव लांबलचक आहे, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. कॅन्सर नाही, पसरत नाही, मारत नाही. हाडात बसलेली इवलीशी गाठ, नुसती दुखत राहते, रात्री जास्त दुखते, आणि दुखण्याच्या गोळीने शांत होते, कारण ती गाठ जे द्रव्य सोडते त्यावरच ती गोळी काम करते. मांड्यांचा काही संबंध नव्हता. मनाचा तर नव्हताच नव्हता.

दिपमालाने पुन्हा पुन्हा तोच ठिपका बघितला. "ताई, आहे ना तो? तुम्हालाही दिसतो ना?" मी म्हटलं, "दिसतो गं बाई, दिसतो." तिला रडू फुटलं. आजारी आहोत म्हणून आनंदाने रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

नवलचा फोन संध्याकाळी लागला. ठणठणीत होता, ढाब्यावर जेवत होता. ऑपरेशनला हो म्हणाला. दिपमालाने चाचरत बांगड्यांचं सांगितलं, तर म्हणाला, "मग? माझी गाडी काय बांगड्यांवर चालते? डिझेलवर चालते." हे त्याने तीन वर्षांपूर्वी आईसमोर सांगितलं असतं तर? पण नाही, आईसमोर आमचा वाघ मांजर.

दोन दिवसांनी छोटा छेद घेऊन गाठ खरवडून काढली. त्या रात्री ती झोपली ती सकाळी चहा आला तरी उठेना. उठल्यावर हात हळूच हलवून बघितला. "टाके दुखतात, ताई. पण ते नाही. ते गेलं." एवढं बोलून पुन्हा झोपली. मी चहा दोघींचाही पिऊन टाकला.

नवल माल उतरवून रिकामी गाडी घेऊन थेट धुळ्याला आला आणि आम्हाला ट्रकमधूनच पहूरला आणलं. आक्का ओसरीवर लसूण सोलत होत्या. दिपमाला खाली उतरली. डाव्या हातात बांगड्या, उजव्या हाताला पट्टी आणि पट्टीच्या वर काहीच नाही. आक्कांचे हात थांबले.

नवलनेच सगळं सांगितलं, फोटो दाखवला, ठिपका दाखवला. "आई, नाटक नव्हतं ते. आखाजीला मीच तिला सोडीन आणि चौथ्या दिवशी मीच घेऊन येईन." आक्कांनी फोटोकडे पाहिलंच नाही. त्या हाताकडे बघत होत्या.

"कवय काढ्यात बांगड्या?"

"मंगळवारी," मी म्हटलं. "मीच मोडल्या."

"मंगळवारे तू कोठे व्हता?" हे नवलला.

"इंदूरच्या पुढे, घाटात."

नवल पाय धुवायला मागे गेला, दिपमाला आत जाऊन पडली. मी टोपली उचलायला वाकले, तर आक्कांनी माझं मनगट धरलं. नऊ वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता.

"मंग मना अमृत कसा गया?"

ह्या प्रश्नाची मी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि आता तो आला तेव्हा माझ्या अंगाची नुसती लाही झाली. "रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती, आक्का. कापसाची. पोलिसांनी सांगितलं होतं, तुमच्यासमोर सांगितलं होतं. माहीत होतं ना तुम्हाला?"

"ठाऊक व्हतं."

"मग? मग दोष मला का?"

आक्कांनी माझा हात सोडला नाही. लसणाचा वास येत होता त्यांच्या बोटांना.

"ट्रॉली माले कोठे सापडती, मंजुळा? तू घरमा व्हती."